शेजारच्या काकांचं कमळ

शेजारच्या काकांच्या परवानगीशिवाय आमच्या मेडशी गावात कोणतीही वस्तू निकामी होऊ शकत नाही. काका घरोघरी पीओपीची छतं आणि फुलं करतात, आणि फेकत काहीच नाहीत. तुटक्या बादलीची कडी, बंद पंख्याची पाती, एका पायाची चप्पलसुद्धा. "दुसरी कधीतरी भेटनच," म्हणतात. त्यांच्या चहाच्या कपालाही प्लास्टरचा पांढरा थर असतो; काकू म्हणतात, यांच्या पोटात एव्हाना एखादं फूल तयार झालं असेल.

यंदा गावातल्या नव्या बुद्धविहाराच्या छताचं मधलं कमळ करून द्यायचं काकांनी आपणहून कबूल केलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पाहतात तर प्लास्टरचं पोतं ओल लागून दगड झालेलं. वाशिमच्या दुकानातही माल संपलेला. "आता तरी फेका," काकू म्हणाल्या. काका भडकले. "जिप्सम भाजूनच प्लास्टर होते ना? मंग पुन्हा भाजू!" त्यांनी दगड कुटला, अर्धं पीठ कढईत घेतलं आणि चुलीत लाकडं अशी सारली की कढई लालबुंद झाली. त्या पिठात पाणी कालवलं, पण तासाभरानंही नुसता चिखल. काका चिखलातला हात न काढताच म्हणाले, "उद्या लोकाईले तोंड कसं दाखवू?"

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे आपल्याला काही येतं हे बोलून दाखवायला जीभ रेटत नाही. तरी म्हटलं, "काका, जास्त जळालं. जिप्सममधलं सगळं पाणी उडालं की ते पुन्हा घट्ट होत नाही. पाऊण पाणी घालवायचं, पाव ठेवायचं. दीडशे अंशांच्या आसपास."

"अंश कायनं मोजू वं पोरी? माह्या चुलीले काटा हाये का?"

ते पुस्तकात नव्हतं. उरलेलं पीठ आम्ही मंद आचेवर ढवळत राहिलो आणि मी वर थंड ताटली धरली. तिच्यावर वाफेचे थेंब जमत होते. ते विरळ झाले तशी मी ओरडले, "उतरवा!"

वीस मिनिटांत साच्यातलं कमळ टणक झालं. "अवो, जमलं! पोरीनं दगड जिता केला!" काकांनी सगळी गल्ली गोळा केली. दुसऱ्या दिवशी विहारात जो तो मान वर करून पाहत होता.

मला मात्र आठवतात ते प्लास्टर घट्ट होत असताना साच्यावर तळवा टेकून बसलेले काका. "इतके वर्सं हे गरम लागून राह्यलं हाताले. काहून, ते कोनी सांगतलंच नाही."

मी म्हटलं, "गेलेलं पाणी परत आलं की जिप्सम भाजताना घेतलेली उष्णता परत देतं."

कमळ पुरतं थंड होईपर्यंत काकांनी हात उचलला नाही.