उजेडाला घातलेली चादर

लेझरचा उजेड पिसाळला म्हणून मी त्याला चादर पांघरवली होती. अशी माझी अक्कल. नवी सून, नवी नोकरी. आणि नोकरी अजून कच्ची, प्रयोगशाळेतले सर खूश राहिले तरच पक्की व्हायची.

यंत्र असं होतं: लेझरचा उजेड कमीजास्त करणाऱ्या एका डबीतून फायबरच्या, म्हणजे काचेच्या बारीक तारेच्या, भल्यामोठ्या रिळात शिरायचा. रिळातून निघेपर्यंत त्याला किंचित उशीर व्हायचा. मग त्याची वीज करायची, ती वाढवायची आणि परत त्याच डबीला द्यायची. म्हणजे डबी कायम शिळ्या बातमीवर चालणार. वीज वाढवायचं बटण माझ्या हातात.

सर इंदूरला गेले होते. "येईपर्यंत जुळवून ठेवा," म्हणाले होते. मी बटण फिरवलं. पडद्यावर उजेड दाखवणारी सरळ रेघ डोलायला लागली. आणखी फिरवलं, तशी ती सैरावैरा धावली. एक उसळी दुसरीसारखी नाही. परदेशातून आलेली एकुलती एक डबी, आणि मी ती जाळली. बटण झटकन मागे घेतलं आणि पडद्याकडे न बघताच यंत्र बंद केलं. मग मनाची समजूत घातली, की बाहेरून देवास गेटच्या बसस्थानकाकडे जाणाऱ्या बसेसचा हादरा रिळाला बसत असेल.

घरी सासूबाईंकडे आमच्याकडची भैरवगढी ठशांच्या छापाची जाड चादर मागितली.

"कशाला ग?"

"उजेडाच्या रिळाला."

"त्याला पण थंडी वाजते? घरी बसवतील हो तुला."

त्या हसत होत्या. मी मात्र त्या संध्याकाळी दाराची कडी वाजली तरी दचकत होते.

सकाळी रिळाला चादर घालून यंत्र लावलं, रेघ सरळ. बटण मागेच घेतलेलं होतं, हे डोक्यातही आलं नाही. चादरीला मनोमन नमस्कार केला.

सर आले. चादरीकडे बघितलं, बटण पुढे नेलं. रेघ पुन्हा सैरावैरा.

"सर, डबी जळली. मीच जाळली."

त्यांनी बटण मागे घेतलं. रेघ गुमान सरळ. पुढे नेलं, परत तेच. जळलेली डबी अशी ताळ्यावर येत नाही. याच गोंधळावर, नियमाने चालूनही अंदाज लागू न देणाऱ्या 'केऑस'वर, मी परीक्षेत चार पानं लिहून आले होते. समोर उभा राहिला तर ओळखला नाही.

सर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बाई, हेच बघायला आपण एवढं सगळं मांडलं, आणि तुम्ही त्याला पांघरूण घालून झोपवताय. नोकरी कुठे जात नाही तुमची. अब चादर हटाइए, आणि बटण तुम्हीच फिरवा. मी बघतो."