सरकतं कुंपण

ऑफिसात तिला सगळे ‘कुंपणवाली’ म्हणत. काम तसंच होतं. सूर्याकडून प्लाझ्माचा, म्हणजे विजेनं भारलेल्या वायूचा, वारा सतत सुटलेला असतो आणि पृथ्वीचं चुंबकत्व त्याला खूप उंचावरच अडवतं. त्या हद्दीजवळ फिरणाऱ्या यानाची मोजमापं पडद्यावर बघायची आणि यान आत कधी होतं, बाहेर कधी, तिथं खुणा करायच्या. आतला प्लाझ्मा विरळ, निवांत. बाहेरचा दाट, खवळलेला. बघता बघता तिची तंद्री लागायची, आपणच तिथं तरंगतोय असं वाटायचं. चहा गार होऊन जायचा.

कुंपणानं एका जागी उभं राहावं, एवढी साधी अपेक्षा. पण हे राहत नाही. म्हणून नवी माणसं हमखास एकच चूक करत. पहिली खळबळ दिसली की ‘यान बाहेर पडलं’ म्हणून मोकळी.

ती हसायची. "यान कुठं जातंय? वारा वाढला की हद्द आत दबते, ओसरला की फुगते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, इथं कुंपणच धावतं. फेरी पुरी झाल्याशिवाय शेवटची खूण करायची नाही."

घरी मात्र तिचा हा धीर टिकला नाही. बाबा विसरत चालले होते. सकाळी तिला हाक मारत, दुपारी ‘आपण कोण?’ विचारत. मग आठवडाभर त्यांनी तिला ओळखलंच नाही, तेव्हा दादा म्हणाला, "आता त्यांना वृद्धाश्रमात ठेवू. तुझी नोकरी, तुझी झोप, किती ओढशील?" थकून ती हो म्हणाली. तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना.

रविवारी दादा गाडी घेऊन आला. खोलीभर ऊन पसरलं होतं, पडदा संथ हलत होता, आणि हे सगळं दुसऱ्याच कुणाच्या घरी चाललंय असं तिला वाटत होतं. बाबांना बूट घालायला ती खाली वाकली. त्यांनी पाय मागे घेतला.

"बाई, मला येता येणार नाही," ते अदबीनं म्हणाले. "माझी मुलगी कामावरून येईल. दार कोण उघडणार?"

दादानं किल्ली खिशात टाकली आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. तिला रडू आवरेना. जरा वेळानं तिनं बूट पलंगाखाली सारले.

"ती येईपर्यंत मी बसू का तुमच्याजवळ?"

"बसा की," बाबांनी सरकून जागा केली. "तिला हल्ली फार उशीर होतो."