सातव्या सांध्यावरचं वर्तुळ

मी एका माणसावर खोटा आळ घेतला होता. हे आधी सांगतो, कारण ते लपवून पुढचं सांगितलं तर तुम्ही मला फक्त घाबरलेला माणूस समजाल. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. मी सिव्हिल डिप्लोमावाला, सिमेंट-लोखंडात आयुष्य गेलं. पण ही एक गोष्ट कुठेच बसत नाही...

दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. जुन्नर तालुक्यात, बोरी बुद्रुक आणि खोडदच्या मधल्या पट्ट्यात एक दुमजली हायस्कूल आहे, गच्चीवरून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड डिश दिसतात. भूकंपाच्या एका धक्क्यात व्हरांड्यातले खांब आणि तुळया जिथे मिळतात त्या सांध्यांना तिरप्या भेगा गेल्या होत्या. पुण्याच्या एका कंपनीने दुरुस्ती घेतली, मी तिचा सुपरवायझर. कार्बन फायबरचं काम तेव्हा आमच्याकडे नवीन. आधी भेगेत दाबाने इपॉक्सी भरायचं, कोपरे घासून गोल करायचे, मग काळं कार्बनचं कापड रेझिनमध्ये भिजवून सांध्याभोवती घट्ट गुंडाळायचं. वरून रोलरने पारदर्शक रेझिनचा शेवटचा हात. वाळलं की कडक.

शाळेचे शिपाई बबनराव खालून म्हणायचे, "शाळेत हाडवैद्य बसवलाय का काय राव? समदे खांब मोडल्यावानी दिसत्यात."

"तू बी ये की," यशवंत मिस्त्री परांचीवरून म्हणायचे, "तुझं डोस्कं गुंडाळून देतो. कापड लई उरलंय."

यशवंत मिस्त्री बोरीच्या बौद्ध वस्तीतले, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे. तरी मी त्यांना 'यशवंता' म्हणायचो आणि ते मला 'सायब'. हातोडीच्या दांड्याने काँक्रीट ठोकून ते आवाजावरून पोकळ जागा ओळखायचे आणि तिथे खडूने वर्तुळ काढायचे. खालून सुरू केलेलं, टोकं न जुळलेलं, मध्ये एक आडवी रेघ. तशी खूण दुसरं कुणी करताना मी पाहिलेलं नाही.

इपॉक्सी दोन डब्यांतलं असतं. एकत्र कालवलं की पाऊण तासाच्या आत वापरावं लागतं. सातव्या सांध्याचं मी स्वतः कालवलं, आणि घरी फोन करायचं आठवलं. "हात लावू नको, मी आल्यावर भरू," असं यशवंत मिस्त्रींना बजावून एसटीडी बूथवर गेलो. तिथे रांग होती. परत आलो तर बादलीत दगड झाला होता. जास्तीचा माल साइटवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे इंजिनियर आले, त्यांना बादली दिसली. हेडमास्तर, बबनराव, सुट्टीतही आलेले दोन-तीन शिक्षक भोवती उभे होते. मी म्हणालो, "सात नंबर भरून झालाय. हे यशवंताने मला न विचारता जास्तीचं कालवलं." घोळक्यातल्या एक-दोघांनी 'वाटलंच होतं' अशी मान हलवली. का हलवली, ते मला तेव्हाही कळलं होतं. त्या माना मला सोयीच्या पडल्या... हे लिहितानाही लाज वाटते.

यशवंत मिस्त्रींना तिथल्या तिथे काढलं. हत्यारं पोत्यात भरताना ते एवढंच म्हणाले, "सायब, सातची भेग भरल्याबिगर कापड लावू नका. पोरं डबा खायाला बसत्यात तिथं."

मी लावलं. दोन मजुरांना घेऊन, भरदिवसा, न भरलेल्या भेगेवर. शेवटचा हात मी स्वतः मारला. सांधा सलग काळा होता, त्यावर कसलीही खूण नव्हती. वाळल्यावर परांची काढली.

शाळा उघडली त्या सकाळी बबनरावांनी विचारलं, "सायब, यशवंता येऊन गेला का?"

"नाही. का?"

"मंग त्ये वर कुणी काढलं?"

सातव्या सांध्यावर पांढरं वर्तुळ होतं. टोकं न जुळलेलं, मध्ये आडवी रेघ.

मी शिडी लावून वर चढलो. ओल्या फडक्याने पुसलं, जाईना. नखाने खरवडलं, तर नख गुळगुळीत रेझिनवरून घसरलं. खडू वर नव्हताच — तो माझ्या शेवटच्या हाताच्या खाली होता, काचेखाली ठेवल्यासारखा. मजुरांनी चेष्टा केली म्हणावं, तर रोलर माझ्या हातात होता. मला तेव्हा दिसलं नाही म्हणावं, तर काळ्यावरचं पांढरं न दिसायला मी काय आंधळा होतो? की होतो? माझ्या मनाचा खेळ म्हणावा, तर आधी बबनरावांनी पाहिलं.

रेझिनचा वास जायचाय असं सांगून मी मुलांना व्हरांड्यात येऊ दिलं नाही. माल मागवला, कापड ग्राइंडरने कापून काढलं. भेगेत पोस्टकार्ड सरकत होतं. ती भरली, पुन्हा गुंडाळलं. वर्तुळाचा तुकडा पिशवीत घालून एसटीने पारगाव गाठलं. यशवंत मिस्त्री तिथे साखर कारखान्याजवळ एका बांधकामावर लागले होते.

त्यांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. "हात माझाच हाय. पण मी आठवडाभर हितंच हाय. इचारा कुणाला बी."

विचारलं. सगळे तेच म्हणाले, तिथून हललेच नाहीत.

"मग हे कसं झालं?"

"मला काय ठावं, सायब? आज इचारताय. त्या दिशी न्हाई इचारलं."

मी माफी मागायला गेलो होतो असं मला वाटतं. पण वर्तुळाचंच विचारलं आणि आलो तसा परतलो. त्या वर्तुळाचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. रेझिनमधल्या जाणकारांना तुकडा दाखवला. ते म्हणतात, खूण शेवटच्या हाताआधी काढली असेल. नव्हती हो. कितीदा सांगू...

सहा वर्षांनी बोरीला गेलो. यशवंत मिस्त्री अंगणात बाजेवर बसले होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला एकट्याला सांगून काय व्हतंय? ज्यांच्या म्होरं बोलला, त्यांच्या म्होरं बोला."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही दोघं शाळेत गेलो. हेडमास्तर तेच होते, बबनरावही, शिक्षकही बहुतेक तेच. मिस्त्रींना खुर्ची दिली, पण ते दारातच उभे राहिले. मी म्हणालो, "ती बादली मी वाळवली आणि यांच्यावर ढकललं. भेगही मीच तशी ठेवली होती. जाताना यांनी ती भरायला बजावलं होतं, तरीही. तुम्ही ते खरं मानलंत, कारण मी सांगितलं." मग त्यांच्याकडे वळलो. "यशवंतराव, मी खोटं बोललो. मला माफ करा."