मेहबूबबी, लिंग पुरुष

कळसच्या मेहबूबबीने उभा जन्म दारोदार फिरून बायकांना बांगड्या भरल्या. माझ्या दोन्ही लेकींचा लग्नचुडा तिनेच भरला. यंदा तिच्या गर्भाशयात गाठ निघाली. मोफत ऑपरेशनसाठी मी तिला बारामतीच्या दवाखान्यात नेलं.

खिडकीवरच्या मुलीने कार्ड बघितलं आणि तिला हसू फुटलं. "आजी, ह्यात तुमाला बाप्या दावलंय. पुरुषाला पिशवीचं ऑपरेशन सिस्टीम घेत न्हाय."

कार्ड करणाऱ्याने 'मेहबूब' हे नाव आणि 'बी' हे आडनाव धरलं होतं. बी म्हणजे बाई, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

"माजी पाच बाळंतपणं काय तुज्या मशीननं केली व्हय गं?" मेहबूबबी म्हणाली.

"मला पटतंय आजी. त्येला पटत न्हाय."

तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई शेजारच्याच खोलीत होत्या. उठून त्यांना विचारायचे कष्ट त्या मुलीने घेतले नाहीत. मी विचारलं. बाई म्हणाल्या, "माझ्या सहीवर ते होत नाही."

दुरुस्तीला जन्माचा दाखला मागतात. तिचा जन्म कुणी नोंदवलाच नव्हता. तरी अर्ज केला. तो 'प्रक्रियेत' आहे, असं मोबाईल सांगतो. मेहबूबबीला आता बसून बांगडीसुद्धा भरवत नाही.