ओट्याला काठ कसला?

दगडाच्या कामावर कपच्या आणि किस्से दोन्ही न बोलावता साठतात. कपच्या निदान खड्ड्यात टाकता येतात, किस्से कुठं टाकणार? चहा समोर आला की बाहेर पडतातच!

लढाईच्या काळात मी सांगलीला भाऊ मिस्त्रींच्या लाद्यांच्या वखारीत कारागीर होतो. बायकांनी दगडी ओट्यापुढं उभ्यानं स्वयंपाक करायचा ही टूम तेव्हा नवी. गिऱ्हाईक आलं की आमचा पहिला प्रश्न, "काठ कसला?" भाऊंनी दारातच नमुने मांडले होते: सरळ, तिरका आणि गोल.

रहिमतपूरचे एक व्यापारी आले ते थेट सरळ काठाच्या नमुन्यावरच बसले. गुळाबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले. उठले ते मांडीची मागची बाजू चोळतच!

"भाऊ, गोल द्या."

"शेठ, ओट्यावर तुम्ही बसणार आहात का?"

"घरात वाजलं की बसायला तेवढीच जागा उरते हो!"

*

सांगलीच्या एका वकिलांनी मात्र सरळ काठ घेतला. "कायदा सरळ, काठ सरळ!" म्हणाले. पुढं एकदा वखारीत येऊन असे कडाडले की लाद्या हलल्या. दगड मऊ दिलात, काठ खाल्ला गेलाय, कोर्टात खेचतो!

भाऊंचं तोंड उतरलं. आम्ही धावत त्यांच्या घरी गेलो. बघतो तर काठाला खाचाच खाचा. वकील आमच्यावर ओरडतायत, तेवढ्यात वहिनी आतून म्हणाल्या, "दगड फर्स्टक्लास आहे हो! सुरीला काय सुरेख धार लागते त्याच्यावर!"

वकीलसाहेबांनी पुढची तारीखच मागितली नाही.

*

आता हवालदाराचं सांगतो. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

हवालदार कवठे महांकाळकडचा, मिलिटरीतून रजेवर आलेला. त्याची बायको सखू विहिरीच्या पायरीवरून पडली होती. गुडघा कायमचा ताठला, खाली बसता येईना. चुलीपुढं बसता येत नाही ती कसली सून, असं त्याच्या आईचं म्हणणं. तिला सगळे आक्का म्हणत. म्हातारीनं दुसरी मुलगीसुद्धा बघून ठेवली होती!

"भाऊ, मी पाया पडलो आईच्या," हवालदार म्हणाला. "तवा येवढंच कबूल केलं तिनं. यंदा जत्रंला भावकीचं जेवान सखूनं एकटीनं रांधलं तर ती ऱ्हाईल. न्हाईतर म्हायेरी. मला उभा वटा पायजे. काठ सरळ, लष्करी!"

"उभं तुला ऱ्हायचंय का तिला? तिला घिऊन ये," भाऊ खेकसले.

तो खरंच तिला बैलगाडीतून घेऊन आला. काठ निवडायला बाई आली, हे आमच्या वखारीत पहिल्यांदाच घडलं. भाऊंनी लाद्यांची चळत रचून नमुने वर ठेवले. सखूनं सरळ काठाला कंबर टेकली आणि लगेच काढली. तिरक्यालाही तेच. गोल काठाला टेकली आणि डोळे मिटून तशीच राहिली. सगळा भार त्या दगडावर.

"ठरलं," भाऊ म्हणाले.

"अजून बोलली कुठं ती?"

"तुला ऐकू येत न्हाई, त्याला मी काय करू गड्या?"

*

लांब, बिनसांध्याची लादी आमच्याकडं एकच उरली होती. रेल्वेचे डबे फौजेच्या मालाला लागलेले, नवी येणार कुठून? भाऊंनी स्वतः छिन्नी धरली. काठ गोल होत आला आणि टक्! कडेचा पापुद्रा हातभर उडाला.

भाऊंनी खाणीला शिव्या दिल्या, रेल्वेला दिल्या, मला तर उगाचच दिल्या. मग लादी फिरवून दुसरी कड पुढं घेतली.

"ही बी गेली तर त्या पोरीचा संसार गेला. आता छिन्नी उचलंल त्याचा हात मोडीन!"

मग आम्ही वाळू, पाणी आणि दगड घेऊन ती कड नुसती घासत बसलो. बोटांची सालं निघाली. जत्रा तोंडावर आली, तरी भाऊ म्हणायचे, "घास रं, अजून टोचतंय."

*

जत्रेच्या आदल्या दिवशी ओटा बसवला. हवालदारानं आम्हाला जत्रेच्या जेवणाला ठेवून घेतलं.

जत्रेच्या दिवशी सखू पहाटेपासून उभी होती. ओट्यावर शेगड्या पेटलेल्या. कंबर काठाला टेकलेली, ताठला पाय मागं, हात भराभर चाललेले. मधेच पाय थरथरायला लागला की दातांत पदर धरायची. भावकीतली एकही बाई मदतीला उठली नाही. आक्का समोरच आपल्या मातीच्या चुलीपाशी बसलेली. तिथं शिजत काहीच नव्हतं, पण म्हातारी जाळ विझू देत नव्हती.

पंगती उठल्या. भावकी ढेकर देऊन गेली. चांगलं झालं म्हणायला कुणाचीही जीभ रेटली नाही! आक्का मात्र उपाशीच. हवालदार तिच्या तोंडाकडं बघत दारात उभा होता.

आक्का उठली. देवापुढचा नारळ घेतला, ओट्याशी आली आणि काठावर हात उगारला.

"आवं आक्का, काठ जाईल!" भाऊ ओरडले.

सखू जागची हलली नाही. आक्कानं हात खाली घेतला. काठावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवला. सखूची कंबर टेकली होती तिथं थांबली. मग वळली, आणि तो नारळ दोन्ही हातांनी स्वतःच्या चुलीवर हाणला!

चुलीची कड ढासळली. नारळाचं पाणी निखाऱ्यावर चर्रकन वाजलं. घरभर राख उडाली. त्या राखेतच म्हातारीनं पाट ओढला, बसली आणि म्हणाली,

"सखे, मलाबी वाढ."