देवमासा आणि इतर मान्यवर

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी भजी बांधायला जाते. छापता येत नाही ती मात्र चहाबरोबर वर्षानुवर्षं चालते. तीस वर्षांच्या पत्रकारितेत माझ्याकडे असा बराच माल साठलाय. त्यातला हा ताजा, श्रीलंकेचा.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळची एक ट्रॅव्हल कंपनी आम्हा सहा पत्रकारांना फुकट देवमासे दाखवायला नेणार होती. "फुकट टूरवर जाणारा पत्रकार म्हणजे कंपनीचा जावई!" मी प्रेसरूममध्ये ठणकावलं.

आमचा सटाण्याचा वार्ताहर बापू शांतपणे म्हणाला, "मंग तुम्ही पासपोर्ट कसाले काढा, दादा?"

* * *

विमानतळावर कंपनीचा मॅनेजर टोप्या वाटत होता. टोपीवर कंपनीचं ठसठशीत नाव. मी नाकारली. तत्त्वाचा प्रश्न होता!

बोटीवर अकराच्या उन्हात टाळू भाजायला लागली. मुकाट्याने टोपी मागून घेतली. उलटी करून घातली, नाव आत. तत्त्व शाबूत!

* * *

बोट सुटता सुटता बापूने सांगितलं, "बातमी गेली, दादा."

"कसली?"

"देवमाशाची. पुरवणीचं पान आज चारला छपाईला सुटतंय. मी नाशिकहूनच टाकून आलो. तुमच्या नावाने. वजन पडतं!"

न पाहिलेल्या गोष्टीची एकही ओळ आजवर माझ्या नावावर छापलेली नाही. त्याच्या मोबाइलवर वाचलं: 'देवमाशाच्या दर्शनाने उपस्थितांच्या डोळ्यांचे पारणे फिटले.'

"आणि नाही दिसला तर?" मी ओरडलो.

"मंत्री आला नाही तरी 'शुभहस्ते' छापतोच ना आपण!"

मी लगेच डेस्कला फोन लावला. रेंज किनाऱ्यावरच राहिली होती.

* * *

पुढचे तीन तास त्या बोटीवर देवमाशाची गरज फक्त मला होती. बाकीचे सेल्फी काढत होते. मी कठड्याला चिकटून समुद्राला डोळे लावून बसलो होतो.

बोटीवरचा गाइड धीर देत होता, "यस्टरडे, मेनी! टुमॉरो, मेनी!"

आमचा फोटोग्राफर नंदू म्हणाला, "हा आधी आपल्याकडे पाणीपुरवठ्यात होता का रे?"

तेवढ्यात मॅनेजर किंचाळला, "ती बघा शेपटी!" जाळ्याला बांधलेला डबा तरंगत होता. "साहेब," तो कानाशी आला, "लिहिताना शेपटीच लिहा."

* * *

शेवटी पोटाने दगा दिला. गाइडने प्लास्टिकची पिशवी दिली. मी तिच्यात तोंड घातलं, आणि त्याच क्षणी बोट एका अंगाला कलली.

"आला! आला! अगं आई गं, केवढा!"

डोकं वर काढलं तेव्हा पाण्यावर त्याच्या बुडीचा एक गुळगुळीत, चकाकता गोल उरला होता. बस. बापूच्या डोळ्यांत पाणी होतं, हात जोडलेले.

"दादा, बातमी खरी शे!"

"सगळ्यांसाठी खरी. नाव माझं आहे, गाढवा!"

नंदूने कॅमेरा दाखवला. फोटो झकास आला होता. पाण्यातून उसळलेली पाठ, वर कारंजं, आणि पुढे कोपऱ्यात पिशवी धरलेला मी.

* * *

साडेतीनला धक्क्यावर रेंज आली. नंदूने आधी फोटो पाठवून दिला. डेस्कवरच्या पोराला मी फोनवर फैलावर घेतलं. "माझं नाव काढ! मी देवमासा पाहिलेला नाही!"

"पण सर, तुम्ही बोटीवर होता ना?"

"होतो."

"फोटोत पण आहात."

"पाठ आहे माझ्याकडे त्याची! आणि माझी त्याच्याकडे! काढ नाव!"

"काढतो सर. पण तुम्हाला एकदम वगळलं तर बरं दिसणार नाही. मी उपस्थितांत घेतो."

नाशिकला परतल्यावर पुरवणी उघडली. मथळ्याखाली बापूचं नाव. फोटो कोपऱ्यात कापलेला. मी चष्मा पुसून शेवटची ओळ पुन्हा वाचली:

'याप्रसंगी देवमासा, कंपनीचे व्यवस्थापक, छायाचित्रकार नंदू, बोटीचे कप्तान आदी मान्यवर उपस्थित होते.'