वृंदाताईंनी गुंडाळलेली तार

वृंदाताईंची आणि माझी ओळख झाली ती एका भांडणात. हॅनोव्हरच्या त्या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. जिन्यात कोणीतरी चिठ्ठी लावली होती की तिसऱ्या मजल्यावरची गिटार फार कर्कश वाजते. संध्याकाळी मी ऑफिसातून परतले, तर जीन्स आणि जाड स्वेटर घातलेल्या पंचेचाळिशीच्या एक बाई ती चिठ्ठी हातात घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या दारात उभ्या होत्या. आवाज जराही न चढवता त्या जर्मनमध्ये म्हणत होत्या, "मोठी वाजते असं लिहा, मी लगेच बंद करते. कर्कश लिहू नका." आजींनी मुकाट्याने शब्द बदलून दिला. बाईंनी ती नवी चिठ्ठी स्वतःच भिंतीला लावली आणि मला मराठीत विचारलं, "नवीन ना तुम्ही? चहा घेणार?"

त्यांचा राग असाच होता. आदळआपट नाही, आरडाओरडा नाही; पण एकदा आला की काम होईपर्यंत जागचा हलायचा नाही.

वृंदाताई मूळच्या सांगलीच्या. कॉलेजात असताना तिथल्या एका ऑर्केस्ट्रात त्या इलेक्ट्रिक गिटार वाजवायच्या. तीच गिटार त्यांनी लग्नानंतर पुण्यात आणि मग जर्मनीत आणली होती. तिला दोन पिकअप होते. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चुंबकं आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेली केसाएवढी बारीक तांब्याची तार. तारांचा कंप तिथे पकडला जातो आणि स्पीकरमधून आवाज येतो. त्यातला एक सांगलीतच, ऐन कार्यक्रमाच्या आधी बंद पडला होता. ताईंच्या मामांचं पंपाच्या जळालेल्या मोटारींमध्ये नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. तिथे बसून ताईंनी स्वतःच्या हाताने त्यावर नवी तार गुंडाळली. गुंडाळणं काही एकसारखं झालं नाही, पण त्यातून थोडासा भरडा, घशात खरखर असल्यासारखा आवाज निघायला लागला. त्यांना तोच आवडला.

हॅनोव्हरमध्ये दुसरा पिकअप बंद पडला. फक्त तो बदलायचा होता. श्रीनिवासराव, म्हणजे ताईंचे यजमान, ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. माणूस सरळ, कामसू, दर वाक्याला "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणणारा. त्यांनी इंटरनेटवरून पिकअपची माहिती काढली, त्यांच्या आवाजाचे आलेख छापले. एका शनिवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. विक्रेत्याने श्रीनिवासरावांनाच विचारलं, मुलासाठी हवाय का? गिटार माझी आहे, असं ताईंनी सांगितल्यावर त्याने एक मऊ आवाजाचा पिकअप काढला आणि बायकांना हा आवडतो म्हणाला. ताईंनी तिथले पिकअप एकेक करून वाजवून पाहिले. दुपार झाली. विक्रेता घड्याळाकडे बघायला लागला. शेवटी त्यांनी गिटार खाली ठेवली.

"हे सगळे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "माझ्या जुन्या पिकअपशेजारी बसणारा यात एकही नाही."

श्रीनिवासराव घरी येईपर्यंत आलेखच समजावत होते.

पुढे आईच्या आजारपणासाठी ताई सांगलीला गेल्या. त्या परत आल्यावर त्यांच्याकडेच दिवाळीचा फराळ होता. सगळी मराठी मंडळी जमली होती. श्रीनिवासरावांनी आतून गिटार आणली आणि जाहीर केलं की वृंदासाठी सरप्राइज आहे, सगळ्यांत उत्तम जोडी बसवून घेतली आहे. टाळ्या झाल्या. ताईंनी गिटार जोडली, एकच तार छेडली. स्वच्छ, गोड आवाज आला. त्यांनी हात काढून घेतला.

"माझा कुठे आहे?"

"अगं, दोन्ही एकाच जातीचे हवेत. कारागीर म्हणाला, तो जुना हाताने कसातरी गुंडाळलेला होता. टाकला असेल त्याने."

"तो मी गुंडाळलेला होता. तुम्हाला सांगितलं होतं मी."

श्रीनिवासराव आठवून पाहायला लागले. तेवढ्यात एक वहिनी म्हणाल्या की अगं, किती प्रेमाने केलंय त्यांनी. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला आजही संताप येतो तो त्या माना डोलावण्याचा. चकलीची ताटली हातात धरून वीसेक सुशिक्षित माणसं एका बाईला सांगत होती की तिला आनंद झाला पाहिजे.

ताई त्या वहिनींकडे वळल्या. "प्रेमाने केलं, की विचारायचं राहून गेलं तरी चालतं का?"

ताईंनी सगळ्यांना चहा दिला. गिटारला त्या संध्याकाळी पुन्हा हात लावला नाही.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर गिटार दुरुस्त करणाऱ्या त्या कारागिराकडे गेले. जुने भाग केव्हाच भंगारात गेले होते. तो म्हणाला, नवऱ्याने सांगितलं तसं मी केलं. ताईंनी त्याला नवे दोन्ही पिकअप तिथल्या तिथे काढायला लावले आणि ते कागदी पिशवीत घालून घरी आणले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ब्लेड घेऊन बसल्या आणि त्यावरची तार कापायला लागल्या. श्रीनिवासराव दारात उभे होते.

"अगं, नवे कोरे आहेत ते."

"माहीत आहे मला."

तार कापून, तिला धरून ठेवणारं मेण खरवडून त्यांनी चुंबकं तेवढी मोकळी केली. विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानातून बारीक तार आणली. शिलाई मशीनच्या बॉबिन भरायच्या चाकावर पिकअप बसवला आणि बोटांच्या चिमटीतून तार सोडत गुंडाळायला सुरुवात केली. तार तुटली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तुटली. श्रीनिवासरावांनी कंपनीतून यंत्र आणू का विचारलं, तेव्हा त्यांनी मान वरही केली नाही. दोन्ही पिकअप व्हायला तो हिवाळा गेला.

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मी विचारलं, जुन्यासारखा आला का आवाज?

"नाही," त्या म्हणाल्या. "तो गेला. हा वेगळा आहे. पण हा मी निवडलाय." आणि त्यांनी आवाज इतका मोठा केला की खालच्या आजींनी छताला काठी ठोकली.

त्यांचा राग निवळला असं मला कधी वाटलं नाही. त्या नवऱ्याशी बोलत होत्या, जेवायला वाढत होत्या, सुट्टीला बरोबर जात होत्या. पण गिटार वाजवताना खोलीचं दार आतून लावून घ्यायच्या. पूर्वी ते उघडं असायचं.

दोन वर्षांनी श्रीनिवासरावांची पुण्याला बदली झाली. मी स्टेशनवर पोहोचवायला गेले होते. विमानतळाकडे जाणारी गाडी लागली. ताईंच्या खांद्याला गिटार, हातात जड बॅग. श्रीनिवासरावांनी सवयीने गिटारच्या पट्ट्याकडे हात नेला आणि मध्येच थांबवला.

"मी घेऊ का?" त्यांनी विचारलं.

ताईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "नको," त्या म्हणाल्या.

श्रीनिवासरावांनी मान हलवली, ताईंच्या हातातली बॅग घेतली आणि आधी त्यांना डब्यात चढू दिलं.